सांध्यावरची जट

माझं लग्न केसांवर ठरलं. हे मी गमतीने सांगत नाही. माहेरी, हट्टा गावात, आमच्या पुढच्या खोलीत मला पाहायला आलेल्या बाईंनी, म्हणजे ज्या पुढे माझ्या सासूबाई झाल्या त्यांनी, रिवाजाप्रमाणे मला चार पावलं चालायला लावलं, तळवे पाहिले आणि मग म्हणाल्या, "वेणी सोड गं पोरी." मी सोडली. त्यांनी टाळूपासून कमरेपर्यंत हात फिरवला. हात कुठेही अडला नाही. सोबत आलेल्या जावेकडे वळून त्या म्हणाल्या, "केस पाहा पोरीचे. रेशमावानी हायेत." चहाचे कप आत जायच्या आधी सुपारी फुटली.

ते रेशीम आठ दिवसांचं होतं. त्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. एकाने काहीच कळवलं नाही. दुसऱ्याने मध्यस्थाकरवी निरोप पाठवला की पोरगी बरी आहे, पण केस राठ आहेत आणि कुरळ्या केसाची बाई हट्टी असते. यातली दुसरी गोष्ट खरी आहे, पण ती निरोपाने कळवायची काही गरज नव्हती. केस मला वडिलांकडून आले. त्यांच्या डोक्यावर ते खपून गेले, कारण पुरुषाच्या केसांवरून कोणी हात फिरवून पाहत नाही. मला मात्र शाळेत पोरी झिपरी म्हणायच्या. आईला वाटायचं ही एक खोड आहे, मोडली की मोडेल. दुसरा नकार आल्यावर तिने मला वसमतच्या पार्लरमध्ये नेऊन बसवलं.

पाच तास मी त्या खुर्चीत होते. डोळ्यांतून पाणी काढणारं क्रीम, मग धुणं, वाळवणं, मग एकेक बट धरून तापलेली मशीन. शेवटी आरशात जी मुलगी दिसली ती माझ्यापेक्षा बरीच गरीब स्वभावाची वाटली. पार्लरवाली प्रामाणिक बाई होती. ती म्हणाली, "ताई, हे खालच्या केसाला केलंय. मुळातून येणार ते तुमचंच येणार." आईने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. परतताना काळीपिवळीत ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कोणाला सांगू नको बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सासर आखाडा बाळापूरला. घरात आम्ही तिघं. सासरे आधीच गेले होते. हे एका कृषी केंद्रात काउंटरवर, बी-बियाणं आणि औषधं विकायला. सासूबाई सकाळी देवपूजा, दुपारी वाती वळणं आणि सगळा दिवस मला वळण लावणं यात असायच्या. वाईट नव्हत्या. जिभेला धार होती, पण ती सगळ्यांसाठी सारखीच. माझ्या केसांचं मात्र त्यांना फार कौतुक. शेजारीण आली की म्हणायच्या, "दाखव गं केस." मी पाठ करून उभी राहायची. पाठ केली होती म्हणून बरं, तोंड पाहिलं असतं तर त्यांना सगळं कळलं असतं.

पहिली चाहूल बोटांना लागली. लग्नाला दीड-दोन महिने झाले असतील. तेल लावताना मुळाशी काहीतरी खरखरीत लागलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोट वरून खाली आणलं की आधी खडबडीत आणि पुढे एकदम गुळगुळीत, कच्च्या रस्त्यावरून डांबरीवर आल्यासारखं. चौथ्या महिन्यात ते दिसायला लागलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस चापून बसेनात. मी पंचमीचं निमित्त करून माहेरी गेले आणि वसमतला जाऊन मुळं पुन्हा सरळ करून आले. मग दर पाच-सहा महिन्यांनी आईचे गुडघे दुखायला लागले. माझ्या आईचे गुडघे आजही उत्तम आहेत.

अशी दोन वर्षं काढली. केस नेहमी ओले असतानाच घट्ट वेणीत बांधायचे, म्हणजे वाळताना त्यांना वाकायला जागाच मिळत नाही. त्याने डोक्याला कुबट वास येतो आणि कानशिलं ठणकतात. हे मला कोणी म्हणजे कोणीही सांगितलेलं नव्हतं, माझं मीच शोधून काढलं होतं. चोराला जशा वाटा सापडतात तशा मला सापडत गेल्या.

मग दिवस राहिले. पुढची वेळ ठरवायला मी आनंदाने पार्लरला फोन केला आणि पलीकडून ती म्हणाली, "आता न्हाई ताई. पोटात लेकरू असताना मी ते क्रीम लावणार न्हाई. बाळंतपण होऊ द्या, दूध सुटू द्या, मग पाहू." मी हिशेब लावला तर दोन वर्षं होत होती. दोन वर्षांत माझं खरं डोकं कानाच्या खाली उतरणार होतं.

केस वाढत गेले आणि मला कळलं की ते मलाच नीट माहीत नव्हते. लहानपणापासून आईने ते तेल चोपडून, ओढून, रिबिनीत कोंबून ठेवलेले. आता चार-पाच बोटं वाढ झाल्यावर पाहिलं तर भांगाजवळचे नुसते लहरत होते, कानशिलांवरचे अर्धवट वळत होते, आणि मानेवरचे असे घट्ट पिळाचे की बोटाच्या पेराभोवती अंगठीसारखे बसत. हात लावला तर दाट, जिवंत. पाणी पडलं की वर उचलून यायचे. त्यांच्या खाली लोंबणारे सरळ केस मात्र पाणी पडो की ऊन पडो, तसेच. पातळ, निसटते, टोकाला गवतासारखे. आणि दोन्ही जिथे मिळत तो सांधा. फणी खालून वर नेली तर बरोबर तिथे येऊन थांबायची. जोर केला की केस तिथेच तुटायचा. एका डोक्यावर दोन बायका राहत होत्या आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

मला माझे वरचे केस आवडायला लागले होते, हे कबूल केलं पाहिजे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की न्हाणीघरात कडी लावून मी मानेवरची एक बट ओढायची आणि सोडायची. ती परत जागेवर जायची. एवढंच. पण बाहेर येताना पुन्हा तेल, पिना, पदर. सातव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "काहून गं, केस राठ होऊन राहिले?" मी म्हटलं, "दिवसांमुळे असेल आत्याबाई." त्यांनी मान डोलावली. पोटातल्या लेकरावर मी पहिला आळ जन्माआधीच घातला.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण नवव्या महिन्यात आई न्हाणीत घसरली आणि पायाचं हाड मोडून खाटेवर पडली. या वेळी खरंच. मुलगी सिझेरियनने झाली आणि मला घेऊन हे बाळापूरला आले. सासूबाईंनी माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू, शेक, शेपा-ओव्याची धुरी. आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या दिवशीच कानावरून डोकं गच्च बांधलं. वारं लागायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, फणी लावायची नाही. सव्वा महिना. मी टाक्यांच्या वेदनेत पडून होते, मला केस आठवलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी केस विसरले होते, आणि तेवढ्यात ते आपलं काम करून बसले.

सव्वा महिन्याने सासूबाईंनी पाटावर बसवून फडकं सोडलं. तेल घेतलेला त्यांचा हात मानेपाशी थांबला. मला कळलं तो कुठे थांबला ते. त्यांनी केस बाजूला करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं माय! जट!"

मी हात मागे नेला. सांध्यावरच, मानेच्या उजव्या बाजूला, लिंबाएवढा गोळा झाला होता. वरचे पीळ, खालचे सरळ, गळालेले, घाम, सगळं एकमेकांत गुंतून घट्ट. त्यातून खाली एक जाड पट्टी लोंबत होती. आमच्याकडे अशी जट आपोआप येत नाही, देवी देते. ती कापायची नाही, सोडवायची नाही. कापली तर घरातलं माणूस जातं. मी वळून पाहिलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले, देव्हाऱ्यातून हळद-कुंकू आणलं, त्या गोळ्यावर वाहिलं. आणि मग त्या माझ्या समोर येऊन वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

त्या वेळी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं: आत्याबाई, ही देवी नाही, पार्लर आहे. पण ते म्हणायचं तर पुढचं सगळं म्हणावं लागलं असतं. वेणी सोडली ती, हात फिरला तो, रेशमावानी. लग्न ज्यावर ठरलं तेच खोटं होतं हे, पंधरा-वीस दिवसांपूर्वीपर्यंत माझी घाण धुतलेल्या बाईला, माझ्या पायांवरून डोकं उचलायच्या आत सांगायचं होतं. मी गप्प बसले. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मी मधल्या पाटावर.

यांना सांगितलं तर तेही अर्धंच. मी म्हटलं, "हा नुसता गुंता आहे हो, सोडवला तर सुटेल." हे मोबाइल पाहत म्हणाले, "आईला बरं वाटतंय तर राहू दे की. तुला काय तकलीफ आहे?" आईला फोन केला. आई तिकडून कुजबुजत म्हणाली, "गप राह्य माय. देवी म्हणतेत तर देवी. मान तरी भेटून राहिला. खरं सांगशील तर लेकरासकट माघारी पाठवतील." दोन्ही घरांचे दरवाजे मी वाजवून पाहिले, दोन्ही आतून बंद होते.

आणि मान भेटला हेही खरं. माझ्या हातचा झाडू गेला. मला कोणी उष्टं देईना. सासूबाई माझ्यावर ओरडेनाशा झाल्या, मला "अगं" म्हणणं सुद्धा त्यांनी सोडलं. दर मंगळवारी गल्लीतल्या बायका यायला लागल्या. मी चौरंगावर बसायची, त्या ओटी भरायच्या आणि पाया पडायच्या. पहिले दोन मंगळवार मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. जी बाई माझ्या चहाला पाणचट म्हणायची, ती माझ्या पायाला हात लावून गेली. पण तिसऱ्या मंगळवारी आली ती कळमनुरीकडची, आमच्या गल्लीतल्या एकीची बहीण. लग्नाला सात वर्षं झालेली. तिने माझे पाय सोडलेच नाहीत. "आई, माझी कूस उजवेल का?" वयाने ती माझ्याहून मोठी. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, सगळ्या पाहत होत्या. मी म्हटलं, "उजवेल." ती रडत हसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी आधी माझ्यापुरती खोटी होते, आता दुसऱ्याच्या संसारातही खोटी झाले होते.

गोळा वाढत होता. मुळाशी ओढ बसून मान सतत भरलेली. उजव्या कुशीवर झोपता येईना. आत खाज सुटायची आणि बोट पोचायचं नाही. वर रोज हळद पडायची, ती ओली राहून आंबूस वास यायचा. लेकरू दूध पिताना नाक मुरडायचं, निदान मला तसं वाटायचं. आणि त्या गोळ्याच्या वर, टाळूकडून, माझे स्वतःचे केस मोकळे, कुरळे वाढत होते. बायकांना ते देवीचं तेज वाटायचं. मला रडू यायचं. आयुष्यभर ज्यांना लपवलं त्यांना आता लोक नमस्कार करत होते, पण माझे म्हणून नाही.

अशी मी किती वर्षं बसले असते कोण जाणे. माणसाला सवय होते. पण मुलगी सहा महिन्यांची झाली. सारखी पाठीवर पडून मान इकडे-तिकडे करायची, त्यामुळे तिचे मागचे केस घासून गुंतले. कुरळे, माझेच. जावळाचा दिवस ठरला होता. आदल्या गुरुवारी सासूबाई तिला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. एकदम थांबल्या. तोच हात, तेच थांबणं. मी दारातून पाहत होते.

"लेकराला बी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं. "आता जावळ काढायचं न्हाई. घराण्यात उतरली देवी." आणि हळदीचं बोट त्यांनी तिच्या मानेला लावलं.

मला जो राग आला तो कोणावर आला हे तेव्हाही धड कळलं नाही. सासूबाईंवर नव्हता. आईवर होता, यांच्यावर होता, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. माझ्या एका खोट्यात माझी मी बसले होते ते ठीक. त्यात आता ही. ही शाळेत कशी जाईल? हिच्या पायाला कोण हात लावेल आणि काय विचारेल?

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाजाराला गेल्या. मी आधी मुलीला मांडीवर पालथं घालून खोबरेल घेतलं आणि बोटांनी एकेक केस मोकळा करत गेले. ती खिदळत होती. दहा मिनिटांत सगळं सुटलं. मऊ, गोल वळणाचं जावळ. मग मी माझ्या गोळ्यावर अर्धी वाटी तेल ओतलं. तासभर झटले. काही हलेना. शेवटी ब्लाउज बेतायची कात्री घेतली, आरशासमोर पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून, सांध्याच्या वर लावली. कापायच्या क्षणी मी घाबरले, हे सांगितलंच पाहिजे. इतके महिने लोकांचं ऐकून माझाही अर्धा विश्वास बसला होता. मी मुलीकडे पाहिलं. ती पाळण्यात अंगठा चोखत होती. मी कात्री मिटली. एकदा कापल्यावर बाकीचं सरळ जे काही लोंबत होतं तेही कापलं, सगळं, गोलाकार. केस टाळूवर वर उचलून आले. मान इतकी हलकी झाली की मला चक्कर आली.

सासूबाई दारात आल्या. पिशवी हातातच. त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली, मग चटईवर पडलेल्या जटेवर. त्या ओरडल्या नाहीत. "लेकरू कुठाय?" म्हणाल्या आणि पिशवी टाकून पाळण्याकडे धावल्या. दोन्ही हातांनी तिला उचललं, छातीला कान लावला, नाकाशी बोट धरलं. मी उभ्या उभ्या रडायला लागले. त्यांची भीती खरी होती. मी जिला इतके दिवस फसवत होते ती खरोखरच माझ्या लेकरासाठी जीव मुठीत धरून राहत होती.

मग मी सांगितलं. पार्लर, क्रीम, आठ दिवस आधी. जट उचलून त्यांच्या हातात दिली आणि दाखवलं, "हे वरचं पिळाचं ते माझं आहे आत्याबाई. हे खालचं सरळ ते मशीनचं. मध्ये गुंतलं."

त्यांनी ती हातात फिरवून पाहिली. "म्हंजे आमी पाहायला आलो तवाच?"

"व्हय."

"अन् सव्वा महिन्याला मी फडकं सोडलं तवा तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

त्या खाली बसल्या. मांडीवर लेकरू, हातात जट. त्यांनी विचारलं, "मग इतके दिस मी कोणाच्या पाया पडून राहिले होते?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. घरात ताट वाजायचं, तांब्या वाजायचा, माणसं नाही. हे मधे एकदा म्हणाले, "आता लोकांना काय सांगायचं?" आणि कामावर गेले. मी माहेरी जायची पिशवी भरून ठेवली. जावळाचा दिवस तसाच निघून गेला.

मंगळवार आला आणि बायकाही आल्या, पाच-सहा जणी, ताटं झाकून. मी आतल्या खोलीत मुलीला घेऊन बसले होते, डोक्यावर पदर घट्ट धरून. सासूबाई दारात गेल्या. आता त्या सगळं सांगणार असं मला वाटलं, पार्लरसकट. सांगायचा त्यांना हक्क होता.

"देवी गेली," त्या म्हणाल्या. "आली होती, गेली. काहून गेली ते मला इचारू नका."

एकीने विचारलं, "मग आता घरात?"

"आता घरात सून हाय नुसती." आणि मागे न वळता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, त्या माझ्यावर ओरडल्या, "अगं ए, ऐकू येऊन राहिलं न्हाई का? बाया आल्यात. चहा ठेव. अन् पाणचट करू नको."